वांगी रंगाचा ट्रक

मी एक ट्रक आहे. हसू नका. तळहातावर मावतो म्हणून काय झालं? मला सहा चाकं आहेत, पुढे गोल नाक आहे, मागे हौदा आहे आणि दोन दरवाजे आहेत. दरवाजांना हँडलंही होती. आता एकच उरलंय, ते कसं ते पुढे येईलच.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात गेलं, गार झालं आणि ठोकून बाहेर काढलं, की झालो मी. पण अख्खा नव्हे, सुटा सुटा. चाकं एका चौकटीत, दारं दुसऱ्या चौकटीत, आरसे तिसरीकडे काडीला लटकलेले. रंग म्हणाल तर राखाडी, तोही धुतल्या फरशीसारखा. खोक्यावरच्या चित्रात मात्र मी असा काही देखणा होतो की विचारू नका! माणसं खोकं बघून वस्तू घेतात आणि उघडल्यावर कपाळाला हात लावतात. दुकानाच्या फळीवर बसून मी हेच बघत होतो.

एक दिवस एका माणसाने मला उचललं. त्याच्या नखांच्या कडांना लाल रंग वाळलेला होता. त्याने किंमतही नीट पाहिली नाही, फक्त खोक्यावरच्या चित्रातलं माझं नाक पाहिलं आणि मला काखेत मारलं. हे भावजी. त्यांच्या वहिनी त्यांना भावजी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. आणि वहिनींचे यजमान, म्हणजे भावजींचे थोरले भाऊ, ते दादा. अख्खी गल्ली त्यांना दादाच म्हणते. माझी गोष्ट या तिघांची आहे.

दोघा भावांचं गाड्या रंगवायचं गॅरेज. ठोकलेली गाडी आली की पत्रा सरळ करायचा, खड्ड्यात लांबी, म्हणजे लुकण, भरायची, पॉलिश पेपरने घासायचं आणि तेवढ्याच जागेवर रंग मारायचा. तो असा, की गाडी कुठे ठोकली होती हे मालकालाही सापडता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं. पण दहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा लाल हा डब्यातला लाल राहिलेला नसतो. तो जुळवावा लागतो. ते काम दादांचं. दादा गाडीकडे बघायचे, डब्यात थेंबभर काळा, चिमूटभर पिवळा टाकायचे, काडीने ढवळायचे आणि म्हणायचे, "मार." बाकीच्या गॅरेजांत रंग ओळखणारं यंत्र आलं, तरी लोक दादांकडेच यायचे. यंत्राचं नाव काढलं की दादा म्हणायचे, "त्याला ऊन कळतं का?"

भावजींनी मला घरी आणून दादांसमोर टेबलावर ठेवलं. "दादा, बाबांच्या ट्रकसारखाच आहे बघा. रंगवा की. गॅरेजात काउंटरवर ठेवू."

"खेळण्याला रंग द्यायला मी रिकामटेकडा आहे का रे?" दादा म्हणाले. पण खोकं हातात घेऊन त्यांनी ते फिरवून फिरवून पाहिलं. "नाक मात्र बाबांच्याच गाडीचं आहे हं."

झालं. माणूस फसला.

त्यांचे वडील ट्रक चालवायचे. तो आकाशी रंगाचा होता आणि मधोमध त्याला क्रीम कलरचा पट्टा होता. घरात त्याचा एक फोटो आहे, पण काळापांढरा. म्हणजे रंग काय तो दोघा भावांच्या डोक्यात.

आता माझे हाल ऐका. दादांनी माझे सुटे भाग डिंकाने जोडले, इथवर ठीक होतं.

खोक्यात एक कागद होता. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, मग अमुक रंग वापरा, पातळ हात द्या, असं सगळं चित्रं काढून दाखवलेलं. दादांनी त्याची घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. "मला कागद शिकवणार?" म्हणाले. गॅरेजमधला खऱ्या गाडीचा रंग आणला आणि खऱ्या गाडीचं थिनर. पत्र्याला ते चालतं. मी पत्रा नाही. थिनर टपावर पडलं आणि माझा टप मऊ झाला, सुरकुत्या पडल्या. दादा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काहीतरी आगाऊपणा केलाय.

"प्लास्टिकच हलकं आहे," ते म्हणाले.

मग दुकानातून माझ्यासारख्यांसाठीचे छोट्या बाटल्यांतले रंग आले. टप घासून घासून सपाट केला. पण हाताला सवय मोठ्या गाडीची ना! तिथे तीन जाड हात द्यायचे असतात. तेच तीन हात मला दिले. माझ्या दारांच्या फटी भरल्या, बॉनेटवरचे खिळे बुडाले, समोरची जाळी गुळगुळीत झाली. मी ट्रकचा साबण झालो. दादांनी मला कसल्याशा उग्र पाण्यात बुडवलं आणि जुन्या टूथब्रशने रंग काढला. त्यात डाव्या दाराचं हँडल मोरीच्या जाळीतून गेलं ते गेलंच.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा मांडामांड. या वेळी हात पातळ होते, छान बसत होते, मलाही जरा बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात वहिनींनी आत येऊन पंखा लावला.

"अगं, पंखा! पंखा बंद कर आधी!"

"घामाने निथळताय, म्हणून लावला. मला काय स्वप्न पडलं होतं?"

तोवर पलंगावरच्या चादरीची अख्खी लव माझ्या पाठीवर येऊन बसली होती. दादांनी चिमट्याने एक एक धागा उचलला. प्रत्येक धाग्यामागे एक ओरखडा राहिला. पुन्हा अंघोळ.

मग ते बोट. जगात इतकी माणसं आहेत, पण ओला रंग दिसला आणि बोट लावलं नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. दादांनी स्वतः आयुष्यभर गिऱ्हाइकांना ओरडून सांगितलं असेल, "हात लावू नका हो!" आणि माझ्या बॉनेटवर सुकला का बघायला बोट कुणी टेकवलं? दादांनीच! ठसा असा सुरेख उमटला की पोलिसांना कामाला आला असता.

टेपची तऱ्हा निराळी. पट्ट्याच्या कडा सरळ याव्यात म्हणून टेप चिकटवायची, रंग मारायचा, मग ती काढायची. टेप निघाली, तिच्याबरोबर खालचा रंगही निघाला. आणि जिथे निघाला नाही तिथे वरचा रंग टेपखाली शिरून दातेरी कड झाली. दादांनी टेपचा गोळा करून खिडकीबाहेर भिरकावला. "टेप खराब." कधी टेप खराब, कधी हवा दमट, कधी ब्रशचे केस गळतात. हे मात्र खरं होतं हं, सगळं खरंच होतं. म्हणूनच पुढचं कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे दादांच्या.

पुढचं म्हणजे रंग.

दादांनी पांढऱ्यात निळा घातला. मला तो चांगला आकाशी दिसला. दादांनी तोंड वाकडं केलं. "हिरवट मारतोय. मळकट आहे." अजून निळा घातला. पुन्हा बघितलं, पुन्हा तोंड वाकडं. हिरवटपणा घालवायला लाल थेंब टाकतात, हे रंगाऱ्यांचं नेहमीचंच. तो टाकला. मग आणखी एक टाकला. "आता कसा! बाबांची गाडी!"

मी काय बोलणार? मी जांभळा झालो होतो.

पट्ट्यासाठी त्यांनी क्रीम कलर केला म्हणे. मी बघत होतो ना, तो शुद्ध पांढरा होता. दादांना तोच क्रीम दिसत होता.

वहिनी चहा घेऊन आल्या, माझ्याकडे बघून थबकल्या. "असाच होता का हो मामंजींचा ट्रक?"

"अगदी असाच. फक्त हा दिवा पिवळा आहे, म्हणून तुला नीट दिसत नाही."

वहिनींनी नवा पांढरा दिवा आणून लावला. दादांनी टेबल खिडकीशी सरकवलं, मग गच्चीच्या दारात नेलं. मला पुन्हा उग्र पाण्यात बुडवलं, पुन्हा रंगवलं. मी पुन्हा जांभळाच निघालो, किंचित जास्तच.

दादा अंघोळीला गेले असताना भावजी आले. वहिनींनी मला उचलून त्यांच्यापुढे धरलं. "भावजी, हे काय आहे?"

भावजींनी खुर्ची ओढली आणि बसले. बराच वेळ नख खरवडत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, मी मुद्दाम आणला हा. ती पांढरी गाडी आठवते? दादांनी दरवाजा रंगवला आणि मालक म्हणाला, दरवाजा दुसऱ्या गाडीचा बसवलाय का? तेव्हापासून चाललंय. दादा घरी आले की मी मागे थांबतो आणि ते काम पुन्हा करतो."

"आणि त्यांना सांगितलं नाही?"

"मी? मी धाकटा, वहिनी! ज्यांनी मला रंग मारायची गन धरायला शिकवली त्यांना मी सांगू, तुम्हाला रंग दिसत नाही? म्हटलं, घरी निवांत छोटी गाडी रंगवतील, स्वतःच बघतील, स्वतःच म्हणतील, काहीतरी चुकतंय."

"मग म्हणाले का?"

"म्हणाले, टेप खराब आहे."

वहिनींना हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. बाथरूममधलं पाणी थांबल्यावर दोघंही गप्प झाले.

दादा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. आम्हाला तिघांना बघून खूश झाले. मला हातावर घेतलं, खिडकीशी नेलं. "बरं झालं आलास. बघ आता. खरं सांग, बाबांचा ट्रक डोळ्यांपुढे उभा राहिला की नाही?"

भावजी म्हणाले, "छान झालाय, दादा."

मला त्यांचा असा राग आला! यांनी खरं सांगितलं नाही, त्यापायी मी कितीदा त्या उग्र पाण्यात बुडालो होतो.

"जांभळा आहे," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"जांभळा आहे, अहो. आणि पट्टा पांढरा आहे. क्रीम नाही."

दादा हसले, पण ते हसू तोंडातल्या तोंडात राहिलं. "तुझे डोळे तपासून घे एकदा."

"चला. दोघांचेही तपासू. माझे चुकीचे निघाले तर जन्मात तुमच्या रंगाला नाव ठेवणार नाही."

आता माघार कशी घेणार? दादांनी शर्ट घातला. पुरावा म्हणून मला पिशवीत टाकलं आणि तरातरा चालू लागले. वाटभर पिशवीत मी त्यांच्या गुडघ्यावर आपटत होतो.

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंपुढे दादांनी आधी मला ठेवलं, मग स्वतः बसले. "डॉक्टर, तपासणी नंतर. हा रंग कोणता, तेवढं सांगा."

बाईंनी मला हातात घेतलं. "जांभळा. वांगी म्हणा हवं तर. का हो?"

"आणि पट्टा?"

"पांढराशुभ्र."

दादांनी मला परत घेतलं आणि मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी झाकलं. मग तपासणी झाली. वहिनींना जवळचा चष्मा लागला. दादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजवा तर चांगलाच पिकलेला. बाईंनी समजावलं, की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, माणूस जणू पिवळ्या काचेतून जग बघतो, आणि हे इतकं हळूहळू होतं की त्याला स्वतःला पत्ताच लागत नाही. ऑपरेशन साधं आहे, म्हणाल्या.

घरी आल्यावर दादांनी भावजींना बोलावून घेतलं. मी टेबलावरच होतो.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"त्या पांढऱ्या गाडीच्या दरवाजापासून."

"मग तो दरवाजा कुणी केला?"

"मीच. मागून."

"आणि त्यानंतरची कामं?"

भावजींनी मान खाली घातली.

"सगळी?" दादांचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे मी रोज येऊन नुसता डबे ढवळत होतो. आणि तू 'हो दादा, जुळला दादा' म्हणत होतास. लहान पोराची समजूत काढावी तसा."

दुसऱ्या दिवसापासून दादा गॅरेजला गेले नाहीत. ऑपरेशनचं नाव काढू देईनात. गॅलरीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघायचे आणि मध्येच डोळे मिटून घ्यायचे. माझ्यावर धूळ बसली. खरं सांगतो, अंघोळ नको म्हणणारा मी, पण तेव्हा वाटायचं, या माणसाने मला उचलून एकदा बुडवावं, थिनर कमी-जास्त झाल्याबद्दल आरडाओरडा करावा.

वहिनी म्हणाल्या, "गन चोंदली तर फेकून देता का? उघडून साफ करताच ना?"

"गन वेगळी. रंगाऱ्याच्या डोळ्यात सुरी घालतात होय? गेला तर?"

"आता तरी कुठे आहे?" वहिनी पटकन बोलून गेल्या आणि स्वतःच दचकल्या. पण मग त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

शेवटी भावजी आले. उभ्याउभ्याच बोलले. "दादा, मला जमत नाहीये. तुम्ही एकदा बघून जुळवायचात, तो रंग मला चार-चार वेळा घासून पुन्हा करावा लागतो. तरी गिऱ्हाईक गाडीभोवती फिरून बोट दाखवतंच. तुम्ही येणार नसाल तर मी यंत्र घेतो. पण मला यंत्राशेजारी नाही उभं राहायचं. तुमच्याशेजारी राहायचंय."

एवढं बोलून ते रडले. मोठा बाप्या माणूस, पण रडले. दादा उठून आत गेले. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, "अगं, त्या डॉक्टर बाईंचा नंबर कुठे ठेवलास?"

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या सकाळी दादा घरी आले आणि सरळ टेबलाशी. मला उचललं. डावा डोळा हाताने झाकून बघितलं.

"अरे देवा! हे तर वांगं आहे!"

मग उजवा डोळा झाकून डाव्याने बघितलं. "आणि हा बाबांचा ट्रक." पुन्हा डावा झाकला. "वांगं." पुन्हा उजवा. "ट्रक." लहान मुलासारखं किती वेळ तेच चाललं होतं. वहिनी हसत दारात उभ्या होत्या. दादांनी नव्या डोळ्याने त्यांच्याकडे बघितलं. "तुझे केस इतके पांढरे कधी झाले गं?"

"तुम्ही वांगी रंगवत होतात तेव्हा," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर बाईंनी कामाला परवानगी दिली त्या दिवशी दादा मला घेऊन गॅरेजला गेले. वहिनीही आल्या. मला काउंटरवर ठेवलं. बाहेर एक करडी गाडी उभी होती, दार चेपलेली. दादांनी डबा मागवला, रंग केला, पत्र्याच्या पट्टीवर मारला, सुकू दिला आणि पट्टी गाडीला लावून धरली.

"बघ रे. जुळला?"

भावजी वाकले. मला काउंटरवरून त्यांचा चेहरा समोर दिसत होता. त्यांचा रंगच उडाला. पट्टी निळसर होती. चांगलीच निळसर, अगदी पूर्वीसारखी. म्हणजे ऑपरेशन फुकट गेलं? त्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी जमिनीकडे बघत होत्या. मी मनात म्हटलं, आता हा पुन्हा 'छान आहे' म्हणणार.

"नाही, दादा," भावजी म्हणाले. "जुळला नाही. निळा जास्त पडलाय."

"नक्की?"

"नक्की. दादा, आपण दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. मी येतो तुमच्याबरोबर..."

"मीच टाकलाय जास्त," दादा म्हणाले. "मुद्दाम."

दादांनी ती पट्टी बाजूला टाकली, डब्यात काळ्याचा एक थेंब आणि पांढरा घातला, ढवळलं, नवी पट्टी केली आणि गाडीला लावली. पट्टी कुठे संपते आणि गाडी कुठे सुरू होते, ते मला दिसेना.

"हा?"

"हा जुळला."

"आता तुझ्या 'जुळला'ला अर्थ आहे," दादा म्हणाले. "यापुढे माझ्यामागे काही करायचं नाही. चुकलं तर तोंडावर सांगायचं. धाकटा आहेस, मुका नाहीस. जा, गन भर."

त्यानंतर दुसरा डोळाही झाला. आता दादांना मी दोन्ही डोळ्यांनी वांगीच दिसतो. मला पुन्हा आकाशी करायचं म्हणून भावजींनी एकदा ते उग्र पाणी आणून ठेवलं होतं. माझी पाचावर धारण बसली. माझे बॉनेटवरचे खिळे आधीच निम्मे झिजलेत, आणखी एक अंघोळ म्हणजे मी राहिलोच नसतो. दादांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाले, "असू दे तसाच."

म्हणून मी असाच आहे, काउंटरवर, गल्ल्याशेजारी. टपाला सुरकुत्या आहेत, बॉनेटवर पुसटसा ठसा आहे. चाकं डिंकाने पक्की झालीत, फिरत नाहीत. तुमच्याकडे माझी एकच विनंती आहे. कधी या गॅरेजात आलात, तर मला बघून तोंडदेखलं छान म्हणू नका. मला वाईट वाटत नाही.

बहुतेक गिऱ्हाइकं तसं म्हणतही नाहीत. काल एकजण गाडीची किल्ली घ्यायला आला आणि मला बघून हसत सुटला. "काय हो, इतकं नावाजलेलं गॅरेज तुमचं, आणि ट्रकला हा असला रंग कुणी दिला?"

भावजींनी चटकन दादांकडे बघितलं. दादा समोरच गाडी घासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "सांग की. लाजतोस काय?"

"आमच्या दादांनी," भावजी म्हणाले.